पहिली हायब्रिड घेताना: वाचकांचे प्रश्न

तिशी-चाळिशीनंतर पुन्हा, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच, हायब्रिड (म्हणजे सरळ हँडलची, ताठ बैठकीची सायकल) घ्यायला निघालेल्या वाचकांचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेकांनी गिअर किती आणि ब्रेक कोणते हेच विचारलं आहे. मापाबद्दल एकाच पत्रात विचारणा आहे. आमच्या मते क्रम उलटा हवा, म्हणून ते पत्र आधी.

माझी उंची १६५ सेंटिमीटर आहे. एका कंपनीच्या तक्त्यात मी ‘स्मॉल’मध्ये बसते, दुसरीच्या तक्त्यात ‘मीडियम’मध्ये. कोणतं माप खरं मानायचं? (वय ३८)

दोन्ही खरी, कारण स्मॉल-मीडियमचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. प्रत्येक कंपनी आपल्या फ्रेमला आपली अक्षरं लावते. शिवाय उंची सारखी असलेल्या दोन माणसांच्या पायांच्या लांबीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज असतो. त्यामुळे उंची विसरा आणि आधी पाय मोजा.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. पावलांत १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून वर सरकवा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा आला पाहिजे. पुस्तकाची एक कड भिंतीला टेकलेली हवी, नाहीतर पुस्तक तिरकं होऊन माप चुकतं. वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. समजा तो ७६ सेंटिमीटर आला.

आता कंपनीच्या तक्त्यात ‘स्टँडओव्हर’ उंची बघा, म्हणजे वरच्या दांडीची जमिनीपासूनची उंची. ती तुमच्या मापापेक्षा किमान ३ सेंटिमीटर कमी हवी, म्हणजे इथे ७३ किंवा त्याखाली. अचानक थांबून सीटवरून पुढे उतरावं लागलं तर दांडी लागू नये, एवढाच या आकड्याचा उपयोग. दुकानात अनेकदा एवढंच बघून माप ठरवतात, आणि तिथेच फसगत होते. हायब्रिडची दांडी मागे उतरती असल्यामुळे दोन-दोन मापं या परीक्षेत पास होतात.

खरं माप ठरतं ते हँडलच्या अंतरावरून. तक्त्यात ‘रीच’ आणि ‘स्टॅक’ असे दोन आकडे असतात. पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या जागेपासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून, हँडलची नळी किती पुढे आहे ते रीच आणि किती वर आहे ते स्टॅक. रीच कमी आणि स्टॅक जास्त असेल तर बसणं ताठ. उलट असेल तर पुढे वाकून. नवशिक्यांना ताठ बसणं सोयीचं पडतं: मान दुखत नाही आणि मागे वळून बघणं सोपं जातं. दोन मापांच्या मधे अडकला असाल तर हात आणि धड किती लांब आहे ते बघा. पाय लांब, धड आखूड असेल तर लहान माप. धड आणि हात लांब असतील तर मोठं.

प्रत्यक्ष बसून बघताना हँडल धरल्यावर कोपरं किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. ती ताठ होत असतील तर रस्त्यावरचा प्रत्येक दणका खांद्यात जाणार. थोडासा फरक हँडलचा ‘स्टेम’, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा, बदलून भरून निघतो. ९० मिलिमीटरचा काढून ६० चा लावला की हँडल ३ सेंटिमीटर जवळ येतं. त्याहून जास्त ओढाताण करावी लागत असेल तर फ्रेमच चुकलेली आहे. आणि सीट पुढे सरकवून हँडल जवळ आणण्याचा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. सीटची जागा गुडघ्यांसाठी असते, हातांसाठी नव्हे.

दुकानदाराने सीट वर करून दिली. आता बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकत नाहीत, भीती वाटते. सीट खाली घेतली तर तासाभरात गुडघे पुढून दुखतात. (वय ४६)

दुकानदाराचं बरोबर आहे. वरच्याच उदाहरणातला ७६ सेंटिमीटरचा पाय घेऊ. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर पायाच्या मापाच्या ०.८८३ पट धरायचं, हा जुना आणि चांगला चालणारा ठोकताळा. म्हणजे ६७ सेंटिमीटर. बॉटम ब्रॅकेट स्वतः जमिनीपासून साधारण २८ सेंटिमीटर वर असतो आणि सीटची नळी जरा मागे कललेली असते. हिशेब केला तर सीट जमिनीपासून सुमारे ९२ सेंटिमीटरवर येते. पाय ७६ चा. टेकणार कसा? पेडल अगदी खाली असतानाही जमिनीच्या १० सेंटिमीटरभर वर असतं, आणि पाय पोहोचायला हवा तो पेडलपर्यंत.

आकडेमोड नको असेल तर टाचेची रीत वापरा. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल उलट फिरवत सगळ्यात खाली आणा. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. मग पावलाचा पुढचा, रुंद भाग पेडलवर आणला की गुडघ्यात हवी तेवढी किंचित वाक आपोआप राहते. सीट फार खाली असली तर गुडघा जास्त दुमडतो, वाटीमागे दाब वाढतो आणि गुडघा पुढून दुखतो, म्हणजे तुमचीच तक्रार. मागून दुखला तर बहुधा सीट फार वर आहे.

भीतीवरचा उपाय उतरण्या-चढण्याच्या पद्धतीत आहे. थांबताना सीटवर बसून राहायचंच नाही. ब्रेक दाबत वेग चालण्याइतका आला की एक पेडल खाली आणून त्यावर वजन घ्या, सीटवरून पुढे सरका, दुसरा पाय जमिनीवर टेका. निघताना याच्या उलट: दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा, एक पेडल पुढे आणि वर, घड्याळात दोनचा काटा असतो तिथे ठेवा, त्यावर उभं राहिल्यासारखं वजन टाका, सायकल पुढे जाते आणि तुम्ही आपोआप सीटच्या उंचीला येता. मोकळ्या जागेत हे हात बसेपर्यंत करा. तोवर सीट ३-४ सेंटिमीटर खाली ठेवायला हरकत नाही. मग दर दोन-तीन दिवसांनी एक-एक सेंटिमीटर वर घ्या. सीटच्या नळीवर खोदलेली कमाल उंचीची रेघ मात्र कधीच फ्रेमच्या बाहेर दिसू देऊ नका. नळी तिथून वाकते, कधी फ्रेमच फाटते.

हायब्रिड म्हणून दाखवलेल्या तीन सायकलींपैकी एकीला पुढे शॉकअप आहे, एकीचे टायर अगदी बारीक, एकीचे जाड. तिन्ही हायब्रिड कशा? (वय ४१)

हायब्रिड हा शब्द सैल वापरला जातो. सरळ हँडल, ७०० सी मापाची चाकं आणि रोड बाइकपेक्षा (खाली वळलेल्या हँडलच्या वेगवान सायकलीपेक्षा) ताठ बैठक, एवढं जमलं की नाव लागतं. टायरवर ‘३८-६२२’ असा आकडा शोधा: ३८ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६२२ म्हणजे रिमवर टायर बसतो तिथला व्यास, ७०० सी चाकाचा हाच असतो. खड्डे, कच्चा रस्ता, पाऊस असं सगळं मिळून चालवायचं असेल तर ३८ ते ४२ रुंदी घ्या. २८ किंवा ३२ फक्त चांगल्या डांबरी रस्त्याला.

शॉकअपबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: स्वस्त सायकलीत नको. साधी स्प्रिंग असलेला शॉकअप ताठ फोर्कपेक्षा (पुढचं चाक धरणाऱ्या साध्या दुफळ्यापेक्षा) किलोभर किंवा त्याहूनही जड असतो, चढावर उभं राहून पेडल मारलं की तुमची ताकद खातो आणि वर्ष-दोन वर्षांत आत पाणी-धूळ जाऊन अडकतो. रुंद टायरमध्ये योग्य हवा ठेवली तर बारीक खडबड त्याहून चांगली शोषली जाते. घेण्याआधी आणखी एक बघा: मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमवर भोकं आहेत का, आणि मडगार्ड बसल्यावरही टायरला बाजूने बोटभर जागा उरेल का.

२१ गिअरची सायकल आणि ९ गिअरची सायकल यात ९ वाली महाग का? (वय ३५)

कारण आकड्यावरून वाटतं तसं २१ गिअरवालीत जास्त काही मिळत नाही. प्रत्यक्ष दाते मोजून बघू. २१ वालीत सहसा पुढे ४८, ३८ आणि २८ दातांच्या तीन चकत्या आणि मागे १४ पासून २८ पर्यंतची सात चक्रं असतात. पुढचे दाते भागिले मागचे दाते, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फेरे घेतं ते. पुढे २८ मागे १४ घ्या: २.०. पुढे ४८ मागे २४: तेही २.०. पुढे ३८ मागे १८: २.१. म्हणजे एकच गिअर तीनदा मोजला गेला. अशा जोड्या काढून टाकल्या आणि चेन फार तिरकी चालणारे गिअर वगळले, म्हणजे पुढे सगळ्यात मोठी व मागेही सगळ्यात मोठी किंवा दोन्हीकडे लहान, तर वापरण्यासारखे दहा-बारा उरतात.

आता ९ वाली. पुढे ३८ दातांची एकच चकती, मागे ११ ते ४२ दातांची नऊ चक्रं. सगळ्यात हलका गिअर ३८ भागिले ४२, म्हणजे ०.९, २१ वालीचा २८ भागिले २८, म्हणजे १.०. सगळ्यात जड गिअर ३८ भागिले ११, साधारण ३.४५, २१ वालीचा ४८ भागिले १४, साधारण ३.४३. दोन्ही टोकांना नऊ गिअरवालीच पुढे! ७०० सी आणि ३८ रुंदीच्या चाकाचा घेर साधारण २.१८ मीटर असतो. मिनिटाला ७० फेरे पेडल मारलं तर ही सायकल सगळ्यात हलक्या गिअरमध्ये ताशी सव्वाआठ किलोमीटर आणि सगळ्यात जड गिअरमध्ये साडेएकतीसच्या आसपास जाते. पहिल्या वर्षी यापलीकडे क्वचितच कशाची गरज पडते.

पैसे जातात ते मागच्या मोठ्या कॅसेटला (म्हणजे चक्रांच्या संचाला), तिच्यावरून चेन नेणाऱ्या लांब हाताच्या डिरेलरला आणि चांगल्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला. एक उणीव सांगायला हवी: नऊ चक्रांत एवढा मोठा पल्ला बसवल्यामुळे दोन गिअरमधली उडी मोठी असते. सपाट रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत चालवणाऱ्यांना ती खुपते. तुमच्या वाटेवर चढ आहेत की नाहीत यावर निर्णय घ्या. आणि काहीही घेतलं तरी गिअर बदलताना पेडल फिरतं ठेवा पण जोर काढून घ्या. चढावर पूर्ण ताकदीने दाबत असताना गिअर टाकला की जो ‘कडाक्’ आवाज येतो, तो दात्यांचा आणि चेनच्या पिनांचा असतो. चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाकायची सवय लावा.

माझं वजन १०८ किलो आहे. साधी हायब्रिड झेपेल का? (वय ४४)

झेपेल, पण मागचं चाक नीट बघून घ्या. माहितीपुस्तिकेत वजनाची मर्यादा दिलेली असते आणि बऱ्याच कंपन्या त्यात सायकल आणि सामानही धरतात. तुमचे १०८, सायकलचे १३, पिशवी-कुलूप-पाण्याचे ६: झाले १२७. १२० ची मर्यादा असेल आणि ती एकूण वजनाची असेल तर ती सायकल तुमची नाही.

मग हब. स्वस्त सायकलींत मागे कॅसेटऐवजी आट्यांवर फिरवून बसवलेला चक्रांचा संच, म्हणजे फ्रीव्हील, असतं. त्यात उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहतात आणि तिथून फ्रेमपर्यंतचा चाकाचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल आधाराविना लटकतो. जड माणूस खड्ड्यात आदळला की तो वाकतो, पुढे तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार उजव्या टोकाला, फ्रेमजवळ असतात. तुमच्यासाठी कॅसेटच हवी. सात चक्रांच्या सायकलींत फ्रीव्हील जास्त आढळतं, आठ आणि पुढे बहुधा कॅसेट. तरी विचारून घ्या.

रिम दुहेरी भिंतीची, आरे ३२ किंवा ३६. आरे तुटतात ते सहसा मागे, चेनच्या बाजूला, हबजवळच्या वळणावर. त्याचं कारण वजनापेक्षा ढिले आरे हे जास्त असतं: ढिला आरा प्रत्येक फेऱ्यात सैल-ताठ होत राहतो आणि धातू थकतो. पहिल्या १००-१५० किलोमीटरनंतर चाकांचा आउट (डगमग) काढून आरे एकसारखे ताणून घ्या. या एका कामाने पुढची बरीच डोकेदुखी वाचते. ४० रुंदीच्या टायरमध्ये मागे ६५ आणि पुढे ५५ पीएसआय (पंपाच्या मीटरवर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) एवढ्या हवेपासून सुरुवात करा. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

डिस्क ब्रेक घ्यावेत की साधे? (वय २९)

पावसात, चिखलात चालवणार असाल किंवा उतार मोठे असतील तर हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, डिस्क. दोन बोटांनी काम होतं आणि ओल्या रिमचा प्रश्न राहत नाही. कोरड्या, सपाट भागात चांगले व्ही-ब्रेक, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे साधे ब्रेक, पुरतात; ते हलके असतात आणि रबराचे शू बदलायला दहा मिनिटं लागतात. मधला पर्याय, म्हणजे तारेवर चालणारे स्वस्त डिस्क, आम्ही शक्यतो टाळायला सांगू. अनेकांत एकच पॅड हलतो, डिस्कला तो एका बाजूला वाकवतो, आणि तार सतत जुळवत बसावं लागतं. त्याच पैशांत चांगले व्ही-ब्रेक मिळतात.

नव्या डिस्कचे ब्रेक पहिल्या दिवशी कमजोर वाटतात, ते बिघडलेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी १५-२० च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत या, पण चाक अडकू देऊ नका. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा धरून प्रत्येकी वीसेक वेळा हे करा. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. डिस्कला बोट लावू नका, चेनचं तेल तिच्यावर उडू देऊ नका. त्वचेचा तेलकटपणाही ब्रेक किंचाळायला पुरतो. चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग सपाट पट्टीने हळूच मागे सारावे लागतात.

पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून फेकला जातो, अशी समजूत पक्की आहे. थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, कारण वजन पुढे सरकतं. दोन्ही एकत्र, हळूहळू वाढवत दाबा, हात ताठ करून अंग किंचित मागे न्या.

पन्नाशी उलटली, सायकल कधीच शिकलो नाही. हायब्रिडवर शिकता येईल का? (वय ५३)

येईल. कोणी मागून सीट धरून पळण्याची गरज नाही. १५ चा पाना आणून दोन्ही पेडल काढून टाका (डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे). सीट इतकी खाली घ्या की बसून दोन्ही पावलं पूर्ण टेकतील. सपाट, मोकळी, कडक जमीन निवडा. गवतावर पडायला बरं, पण सायकल पुढे सरकत नाही.

आधी बसून नुसतं चाला. मग लांब ढांगा टाका. मग दोन्ही पायांनी एकदम ढकलून पाय उचला आणि सायकल जाईल तितकी जाऊ द्या, ब्रेकने थांबवा. नजर चाकाकडे गेली की तोल जातो. दहा-पंधरा मीटर पुढे बघा. सायकल डावीकडे झुकली तर हँडल डावीकडेच वळवायचं, तोल त्याच बाजूला चाक नेऊन सावरतो. हे मेंदूला उलटं वाटतं आणि बहुतेकांचा वेळ इथेच जातो. पाय वर ठेवून वीसेक मीटर सरळ आणि मग वळत जाता आलं की पेडल परत लावा. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नको. दमल्यावर शिकणं होत नाही, नुसतं पडणं होतं. हेल्मेट पहिल्या ढांगेपासून: भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एक बोट जाईल इतपत.

खाली दांडी असलेली फ्रेम कमकुवत असते का? मला पाय मागून वर टाकता येत नाही. (वय ५९)

रोजच्या वापराला नाही. वजन थोडं जास्त असतं, कारण नळ्या जाड करून कसर भरून काढावी लागते. भरपूर ओझं मागे लादून उतारावर वेगाने गेलात तर किंचित लवचीक वाटेल, इतकंच. बिनधास्त घ्या.

सायकल खोक्यातून आली, घरीच जोडली. वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला लागतो आणि डावं पेडल वाकडं बसलं आहे. (वय ३३)

दोन वेगळ्या चुका आहेत, आणि दोन्ही नेहमीच्या.

अंगठा लागतोय कारण फोर्क बहुधा उलटा राहिला आहे. खोक्यात मावावी म्हणून तो कधीकधी मागे फिरवलेला असतो आणि हँडल त्यावर सरळ बसवलं की पाहणाऱ्याला पटकन कळत नाही. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर ओळखणं सोपं: पुढच्या ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पॅड दाबणारा भाग) तुमच्या डाव्या हाताला आणि फोर्कच्या मागे असायला हवा. उजवीकडे, पुढे दिसत असेल तर फोर्क उलटा आहे. तसं चालवू नका, हँडल विचित्र वागतं. सगळं जागेवर असूनही लहान फ्रेममध्ये अंगठा चाकाला निसटता लागू शकतो. तो अगदी संथ वळणातच लागतो आणि त्याची सवय होते.

दुरुस्त करताना स्टेमचा क्रम पाळा. बाजूचे दोन बोल्ट ढिले, माथ्यावरच्या टोपीचा बोल्ट हलके आवळून आतला खडखडाट घालवा, हँडल चाकाशी काटकोनात आणा, मग बाजूचे बोल्ट आळीपाळीने ५ ते ६ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) इतके आवळा. वरची टोपी स्टेमला धरून ठेवत नाही, ती फक्त छर्ऱ्यांवरचा दाब ठरवते. म्हणून ती जोर लावून आवळण्यात अर्थ नाही. तपासायला हँडल काटकोनात वळवा, पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल मागे-पुढे हलवा. सरळ ठेवून हलवलं तर ब्रेकच्या पॅडची हालचाल हातात येते आणि खडखडाट नसताना असल्यासारखा वाटतो.

पेडलचं असं: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचे. अक्षावर उजव्याला ‘आर’ आणि डाव्याला ‘एल’ कोरलेलं असतं. लक्षात ठेवायला, पाना पेडलच्या वर उभा धरला तर दोन्ही बाजूंना तो पुढच्या चाकाच्या दिशेने ढकलला की आवळतो. आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे फक्त बोटांनी घ्या. बोटांनी जात नसेल तर थांबा, पाना लावू नका. तुमचं पेडल वाकडं बसलं आहे म्हणजे पोलादी आट्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडलच्या दांडीत, आपली नवी वाट कापली आहे. लगेच काढा. पहिलेच एक-दोन आटे गेले असतील तर कारागीर आतल्या बाजूने टॅप (आटे कापायचं हत्यार) फिरवून ते सरळ करू शकतो. जास्त गेले असतील तर डावा क्रँक बदलावा लागेल. तसंच चालवत राहिलात तर भर रस्त्यात पेडल निखळून पडेल.

दोन महिन्यांत चार पंक्चर. दरवेळी ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. टायरमध्ये काटा सापडत नाही. (वय ५०)

काटा नाहीच. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर आदळलं की ट्यूब टायर आणि रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते, म्हणून भोकं दोन. ७० किलोच्या माणसाला ३८ च्या टायरमध्ये मागे ५५, पुढे ४८ च्या आसपास हवा हवी. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, ३० आणि ५० मधला फरक अंगठ्याला कळत नाही. मीटरवाला उभा पंप घ्या आणि आठवड्यातून एकदा हवा बघा. चांगल्या ट्यूबमधूनही हवा हळूहळू झिरपतेच. व्हॉल्व्ह बारीक आणि टोकाला फिरकी असलेला असेल तर भरण्याआधी ती फिरकी सोडावी लागते.

जेलची मऊ सीट घेतली तरी बसायला त्रास होतो, शिवाय करंगळी बधिर होते. (वय ४७)

मऊ सीटमुळेच. बैठकीची हाडं जेलमध्ये रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. खाचांच्या पुठ्ठ्याचा तुकडा कठीण खुर्चीवर ठेवून त्यावर पुढे वाकून बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा आणि त्यात २०-२५ मिलिमीटर मिळवा. तेवढ्या रुंदीची, जरा कडक सीट घ्या आणि ती पातळीत लावा. नाक खाली झुकवलं तर तुम्ही पुढे घसरत राहता आणि सगळा भार हातांवर येतो, करंगळीची मुंगी बहुधा तिथूनच. तळहाताच्या करंगळीकडच्या उशीखालून जी नस जाते ती दाबली जाते. मनगट वाकणार नाही अशा कोनात ब्रेकचे लिव्हर खाली फिरवा, तळहाताला टेकू देणारे रुंद ग्रिप लावा. महिनाभरात फरक पडला नाही तर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे, पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे जा.

वापरलेली हायब्रिड बघायला जातोय. काय तपासू? (वय ३६)

खालच्या मोठ्या नळीचा हँडलजवळचा भाग खालून बघा, बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा असेल तर समोरून धडक झालेली आहे, परत फिरा. व्ही-ब्रेक असतील तर रिमच्या बाजूवर नख फिरवा, आत खळगा लागला तर रिम झिजलेली. चेनवर इंचपट्टी ठेवा: एका पिनच्या मध्यापासून १२ इंचांवर नवी चेन बरोबर पिनच्या मध्यावर येते. ती पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, १/८ इंच गेली असेल तर मागची चक्रंही बहुधा गेली, तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा. शेवटी सीटची नळी ढिली करून वर-खाली करून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न हललेली नळी कधीकधी गंजून घट्ट बसते, आणि तिची उंची तुमच्या पायाला जुळत नसेल तर ती सायकल फुकट मिळाली तरी उपयोगाची नाही.